अडचणीतली सहकारी बँक विलीन करायची असेल तर

विलीनीकरणाचा फोन बहुतेक वेळा उशिरा येतो. एका मोठ्या नागरी सहकारी बँकेच्या विलीनीकरण कक्षात मी अकरा वर्षं काम केलं. अडचणीतल्या बँकांचे ताळेबंद तपासायचे, त्यांच्या शाखांत जाऊन कर्जाच्या फायली उघडायच्या आणि ही बँक घेता येईल की नाही याचा अहवाल संचालक मंडळापुढे ठेवायचा, हे माझं काम. "दोन वर्षांपूर्वी का नाही आलात?" हा प्रश्न मी इतक्यांदा विचारला की पुढे पुढे तो मनातच ठेवायला शिकले. समोर बसलेल्या माणसाकडे त्याचं उत्तर असायचं, पण त्या उत्तराचा ठेवीदारांना काही उपयोग नसायचा.

एकाच जिल्ह्यातल्या दोन बँकांचं उदाहरण सांगते, नावं न घेता. पहिलीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. बँकेच्या सात शाखा, सलग दुसऱ्या वर्षी तोटा, पण स्वनिधी, म्हणजे बँकेचं स्वतःचं भांडवल आणि राखीव निधी, अजून शिल्लक. ते एसटीनं आमच्या मुख्य कार्यालयात आले, बरोबर एक अधिकारी आणि दोन पिशव्या भरून कागद. म्हणाले, "बाई, यात आमचं बरं-वाईट सगळं आहे. वाईट वर ठेवलंय." साधारण वर्षभरानं एका सोमवारी त्या सात शाखांच्या पाट्या बदलल्या. मुदत ठेवींच्या पावत्यांवर लिहिलेला व्याजदर मुदत संपेपर्यंत तसाच राहिला. बऱ्याच ठेवीदारांना बँक अडचणीत होती हे नंतरही कळलं नाही.

दुसरी बँक आमच्याकडे आली ती रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागल्यावर, म्हणजे ठेवी काढण्यावर बंधनं आल्यावर. शाखेच्या जिन्यावर पोलीस बसला होता. आत एक पेन्शनर आजी रोज येऊन त्याच खुर्चीवर बसायच्या आणि चार वाजता उठून जायच्या. त्या बँकेत मुळात पडलेलं भगदाड पहिलीपेक्षा फार मोठं नव्हतं, निर्बंधांच्या काळात ते मोठं झालं. बँक बंद पडतेय अशी कुणकुण लागली की सर्वांत आधी थांबतो तो कर्जदाराचा हप्ता. चांगला कर्जदार दुसरीकडे खातं हलवतो, वाईट कर्जदार वाट बघत बसतो. पगार, भाडं, वीज हे खर्च मात्र चालूच राहतात. निर्बंधांतला प्रत्येक महिना ठेवीदाराच्या पैशातून जातो. खाली जे लिहिते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

स्वतःचा खरा ताळेबंद आधी स्वतः काढा

संचालक मंडळात बसलेला एक जरी माणूस अस्वस्थ असेल, तर त्यानं पहिली मागणी ही करावी. छापील अहवालातला ताळेबंद तूर्त बाजूला ठेवा. बँकेतल्याच तीन-चार प्रामाणिक लोकांना आणि बाहेरच्या एका सनदी लेखापालाला बसवा आणि मोठी पन्नास कर्जखाती एकेक करून वाचा. छोट्या बँकेत बहुतेक आजार या पन्नासांतच सापडतो.

काय शोधायचं? हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून जास्त थकलं की खातं अनुत्पादित म्हणजे एनपीए होतं, हे सर्वांनाच माहीत आहे. म्हणूनच ते होऊ न देण्याच्या युक्त्या असतात. एका खात्याचं व्याज दुसऱ्या खात्यातून भरलेलं असतं आणि ते दुसरं खातं कर्जदाराच्या मेहुण्याचं असतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कॅश क्रेडिट म्हणजे व्यापाऱ्याच्या फिरत्या कर्जाच्या खात्यात मोठी रक्कम जमा होते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेवढीच बाहेर पडते. जुनं कर्ज भागवायला नवं कर्ज मंजूर झालेलं असतं, उद्देशाच्या रकान्यात "व्यवसायवृद्धी". मी खातेउतारा नेहमी 20 मार्च ते 15 एप्रिल एवढाच आधी काढायला सांगायचे. या सत्तावीस दिवसांत खात्याची प्रकृती कळते.

मग तारण. शेतजमीन तारण असेल तर सातबारा ताजा काढा आणि इतर हक्कांत बँकेचा बोजा चढलाय का ते डोळ्यांनी बघा. गहाणखत फायलीत आहे पण बोजा चढवलाच नाही, अशी प्रकरणं मी मोजायची सोडून दिली होती. इमारतीचं मूल्यांकन आठ वर्षांपूर्वीचं असतं. गोदामातला माल कागदावर असतो. एका साखर व्यापाऱ्याच्या गोदामात आम्ही गेलो तेव्हा पुढच्या दोन रांगांत पोती होती आणि मागे भुशाची थप्पी. दार उघडणाऱ्या हमालानं मान खाली घातली, तेवढ्यानं आम्हाला कळलं.

हे सगळं झालं की तरतुदी, म्हणजे बुडू शकणाऱ्या कर्जांपोटी बाजूला काढायच्या रकमा, नव्यानं मोजा, येणे व्याज म्हणून धरलेला पण कधीच न येणारा आकडा काढून टाका, कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीची आणि रजेच्या पगाराची न केलेली तरतूद धरा, आयकराचे वाद धरा. भागभांडवल आणि खरे राखीव निधी यांतून हे सारं वजा करून जे उरतं ते तुमचं नेटवर्थ. ते अधिक आहे की उणे, या एका चिन्हावर पुढची सगळी वाट ठरते. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या विलीनीकरण निर्देशांतही हीच विभागणी आहे. नेटवर्थ अधिक असेल आणि घेणारी बँक सर्व ठेवींची हमी देत असेल, तर प्रस्ताव सर्वांत सोपा. नेटवर्थ उणे असेल, तर घेणाऱ्या बँकेनं स्वतःच्या बळावर सगळ्या ठेवी सांभाळण्याची हमी द्यायला हवी, किंवा राज्य सरकारनं आधीच आर्थिक मदत द्यायला हवी. सरकारी मदतीच्या भरवशावर थांबू नका, असं मी प्रत्येकाला सांगत आले.

वेळ केव्हा झाली ते ओळखायचं कसं

आकडे सांगतात. नक्त एनपीए (तरतुदी वजा करून उरलेली अनुत्पादित कर्जं) 6 टक्क्यांवर गेले, सलग दोन वर्षं तोटा झाला, किंवा भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत स्वतःचं भांडवल) ठरवून दिलेल्या पातळीखाली आली की रिझर्व्ह बँक लक्ष घालू लागते. पूर्वी याला पर्यवेक्षी कारवाईची चौकट होती. 1 एप्रिल 2025 पासून लहान बँकांचा पहिला स्तर वगळून बाकी नागरी बँकांना तात्काळ सुधारणा कारवाईची म्हणजे पीसीएची चौकट लागू झाली आहे. लहान बँकेला 9 टक्के आणि मोठ्या स्तरांतल्या बँकांना 12 टक्के भांडवल पर्याप्तता हवी.

पण आकड्यांच्या आधी माणसं सांगतात, आणि मी त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवते. वसुली अधिकारी राजीनामा देतो. कर्ज विभागातला जुना माणूस बदली मागून घेतो. मोठ्या ठेवींना बाजारापेक्षा दीड-दोन टक्के जास्त व्याज द्यायला सुरुवात होते, कारण जुन्या ठेवी परत करायला नव्या ठेवी लागतात. सर्वसाधारण सभेचा अहवाल सभेच्या दिवशीच हातात पडतो. यातल्या दोन गोष्टी तुमच्या बँकेत दिसल्या तर पुढच्या मार्चची वाट पाहू नका.

"आपली बँक, आपल्या गावाची अस्मिता" हे वाक्य मला सर्वांत जास्त ऐकावं लागलं. ते खोटं नसतं. कुणाच्या वडिलांनी घरोघर फिरून दहा-दहा रुपयांचे भाग गोळा केलेले असतात आणि त्यांची तसबीर सभागृहात असते. मला त्या तसबिरींविषयी आदर आहे. पण त्यांनी गोळा केले ते पैसे शेजाऱ्यांचे होते.

कुणाकडे जायचं आणि काय घेऊन जायचं

एकाच बँकेकडे जाऊ नका, आणि सात ठिकाणी चर्चाही करू नका, कारण तिसऱ्या ठिकाणी बातमी फुटते. दोन किंवा तीन बँका निवडा. ज्यांचा नक्त एनपीए कमी आहे, ज्यांनी आधी एखादी बँक घेतली आहे आणि ज्यांना तुमच्या भागात शाखा हव्या आहेत अशा. सारस्वत बँकेनं गेल्या दोन दशकांत मुंबईपासून कोल्हापूर-नाशिकपर्यंतच्या अनेक बँका सामावून घेतल्या. अशा बँकांकडे हे काम करणारी तयार माणसं असतात. मध्यम आकाराची बँक हौसेनं पुढे येते, पण दुसऱ्याचं ओझं उचलताना तिचंच कंबरडं मोडण्याची भीती असते. तिचा ताळेबंद तुम्हीही तितक्याच कडकपणे वाचा.

घेणाऱ्या बँकेला तुमच्यात काय दिसतं? शाखांचे परवाने, चालू आणि बचत खात्यांतल्या स्वस्त ठेवी, स्वमालकीच्या इमारती, गावाची ओळख असलेले कर्मचारी. तिला धास्ती असते ती न सांगितलेल्या गोष्टींची. म्हणून पहिल्या भेटीतच न्यायालयीन दावे, अपहाराची प्रकरणं, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांची कर्जं, दिलेल्या बँक गॅरंट्या आणि रिझर्व्ह बँकेचा शेवटचा तपासणी अहवाल समोर ठेवा. मुख्याध्यापकांनी "वाईट वर ठेवलंय" म्हटलं तेव्हा आमच्या सरव्यवस्थापकांनी पेन खाली ठेवून चहा मागवला होता. त्यानंतरची चर्चा वेगळ्याच सुरात झाली.

तपासणीचे दिवस

मी पहिलं पाकीट नेहमी सोनेतारणाचं उघडायचे. सोनं त्याच दिवशी मोजता येतं, कसाला लावता येतं, आणि त्यावरून सगळ्या शाखेची शिस्त कळते. घेणारी बँक स्वतःचा सराफ आणते. तुमच्या मूल्यांकनकाराला हजर ठेवा, पण हात लावू देऊ नका. पाकिटावरचं सील, वजन, कर्जदाराची सही, सोनेतारण रजिस्टरमधली नोंद, चारही जुळायला हवं. एका शाखेत एकाच सराफानं तपासलेल्या चाळीस पाकिटांत मुलामा दिलेल्या बांगड्या निघाल्या. शाखाधिकारी खरंच भला माणूस होता. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मी पाकीट कधी उघडलंच नाही."

संगणकातली शिल्लक आणि खतावणीतली शिल्लक जुळते का, हे त्यानंतर. विशेषतः "संकीर्ण देणी", "संकीर्ण येणी" आणि शाखा-शाखांमधल्या व्यवहारांची खाती. वर्षानुवर्षं न जुळलेला फरक याच तीन खात्यांत टाकलेला असतो. पंजाब आणि महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एकाच बांधकाम समूहाची कर्जं लपवायला 21,049 बनावट खाती दाखवली गेल्याचं उघड झालं, तेव्हा माझ्या कक्षातली तरुण मुलं हादरली होती. पण लहान प्रमाणात तीच रीत आम्ही आधी पाहिली होती: छोट्या रकमांची, ओळीनं क्रमांक असलेली, एकाच दिवशी उघडलेली कर्जखाती. ती यादी रकमेनं न लावता तारखेनं लावून बघा.

कर्मचाऱ्यांशी या काळात खोटं बोलू नका. त्यांना आधी कळतंच. कुणाचा पगार, सेवाज्येष्ठता, बदली यांचं काय होणार ते प्रस्तावात लिहून घ्या आणि सगळ्यांना एकत्र बोलावून वाचून दाखवा. पिग्मी एजंटांना विसरू नका. कर्मचारी म्हणून त्यांची नोंद नसते, त्यामुळे करारात त्यांचा उल्लेख राहून जातो. पण भाजीवाल्या बाईला "पैसे सुरक्षित आहेत" हे रोज सांगणारा तोच असतो. त्याच्या कमिशनच्या ठेवीचं काय होणार हे त्याला माहीत नसेल, तर तो काय सांगेल?

ठराव आणि सभा

2020 मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि या कायद्याचं कलम 44 अ सहकारी बँकांनाही लागू झालं. स्वेच्छेनं होणारं विलीनीकरण आता याच वाटेनं जातं. आधी दोन्ही बँकांच्या संचालक मंडळांनी योजनेचा मसुदा मंजूर करायचा, आणि तोही मंडळाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी. हजर असलेल्यांची मोजणी इथे चालत नाही. मग सभासदांची सभा. सभेची जाहिरात त्या भागात खपणाऱ्या किमान दोन वर्तमानपत्रांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, सलग तीन आठवडे, आठवड्यातून एकदा तरी यायला हवी.

या सभेचं गणित नेहमीच्या सभेसारखं नसतं, आणि अनुभवी संचालकही इथे चुकतात. सहकारात एरवी एक माणूस, एक मत. इथे मात्र हजर सभासदांचं संख्येनं बहुमत तर हवंच, शिवाय त्यांच्याकडच्या भागांच्या रकमेचा दोन तृतीयांश हिस्सा ठरावाच्या बाजूनं हवा. मोठं कर्ज घेताना त्या प्रमाणात भाग घ्यावे लागतात, म्हणजे मोठी रक्कम मोठ्या कर्जदारांकडे अडकलेली असते. त्यातल्या थकबाकीदारांना विलीनीकरण नको असतं, कारण नवी बँक वसुलीला येणार. एका सभेत विरोधाची भाषणं करणाऱ्या पाच जणांची कर्जखाती मला पाठ होती. मला बोलायचा अधिकार नव्हता, मी मागे बसून होते. तुम्ही सभासद असाल तर तुम्हाला आहे. छोट्या सभासदांना घरोघर जाऊन सभेला आणा. कुणाला कामावरून सुट्टी मिळत नाही, कुणाला पायऱ्या चढवत नाहीत. वाहनाची सोय करा. सभागृह तळमजल्यावरचं घ्या.

भागांचं काय होणार, हे सभेत सरळ सांगा. नेटवर्थ अधिक असेल तर मूल्यांकनानुसार नव्या बँकेचे भाग मिळू शकतात. उणे असेल तर भागांची रक्कम गेली असं समजायचं. सभासद मालक आहे. तोटा आधी मालकाच्या भांडवलातून वजा होतो आणि मगच ठेवीदाराला हात लागतो. हे ऐकून लोक चिडतात. चिडू द्या, पण सांगा. ज्याला योजना मान्य नाही त्यानं सभेत विरोधी मत नोंदवावं किंवा आधी लेखी कळवावं. मग योजना मंजूर झाल्यावर रिझर्व्ह बँक ठरवेल त्या मूल्यानं आपल्या भागांची किंमत मागायचा त्याला हक्क आहे.

पतसंस्थेचे सभासद मला नेहमी विचारतात म्हणून इथेच सांगते: पतसंस्था ही बँक नाही. तिचं विलीनीकरण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 17 नुसार निबंधकांच्या मान्यतेनं होतं, आणि तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. तिथे उशीर आणखी महाग पडतो.

निर्बंध आधीच लागले असतील तर

बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35 अ खालचा निर्बंधांचा आदेश शाखेच्या दारावर लागला की घबराट होते. ठेवीदारांनी पहिल्या आठवड्यात काय करायचं ते आधी सांगते.

प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत विमा आहे. 4 फेब्रुवारी 2020 पर्यंत ही मर्यादा 1 लाख होती. एकाच माणसाच्या वेगवेगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र मोजल्या जातात. संयुक्त खातं वेगळ्या हक्कानं असेल तर वेगळं मोजलं जातं. ठेव विमा कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर हे पैसे परवाना रद्द होण्याची वाट न पाहता निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत मिळायची तरतूद झाली: पहिल्या 45 दिवसांत बँकेनं यादी द्यायची, पुढच्या 45 मध्ये महामंडळानं तपासून पैसे द्यायचे. विलीनीकरणाची शक्यता असेल तर आणखी 90 दिवस वाढू शकतात. पण यादीत नाव यायला केवायसी पूर्ण हवं, दुसऱ्या बँकेतलं खातं कळवायला हवं आणि संमतीचा अर्ज वेळेत द्यायला हवा. आधार आणि पावतीवरचं नाव न जुळल्यानं अडकलेल्या बायका मी फार पाहिल्या. माहेरचं नाव, सासरचं नाव, तिसरंच काही. ही दुरुस्ती पहिल्याच आठवड्यात करून घ्या. मयत खातेदाराच्या वारसांची कागदपत्रं गोळा करायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून ती सर्वांत आधी.

ठेवीची पावती कुणी निम्म्या किमतीत विकत मागत असेल तर देऊ नका. असे लोक येतातच.

विम्याच्या वरच्या रकमेचं भवितव्य विलीनीकरणाच्या योजनेवर ठरतं, आणि त्यात किती अंतर पडू शकतं ते दोन उदाहरणांतून दिसतं. पंजाब आणि महाराष्ट्र बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले आणि 25 जानेवारी 2022 ला ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. किरकोळ ठेवीदारांना 5 लाखांपर्यंत विम्यातून, त्यावरची रक्कम वर्षावर्षानं हप्त्यांत, आणि मोठ्या ठेवींचा शेवटचा भाग दहा वर्षांनी. उलट न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर 13 फेब्रुवारी 2025 ला निर्बंध आले, अपहार उघड झाला, आणि 4 ऑगस्ट 2025 ला ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिनेसुद्धा लागले नाहीत. भगदाड किती मोठं आणि घेणारी बँक किती ताकदीची, यावर हा फरक पडला. पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले, विलीनीकरणाची चर्चा वर्षानुवर्षं होत राहिली आणि 2022 मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. तिथले ठेवीदार मला भेटायचे तेव्हा माझ्याजवळ त्यांना द्यायला काही नसायचं.

म्हणून ठेवीदार संघटना केलीत तर मोर्च्याबरोबर एक काम हातात घ्या: वसुली. निर्बंधांच्या काळात दर महिन्याला किती वसुली झाली, हा आकडा प्रशासकाकडे लेखी मागा. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 चे वसुली दाखले किती मिळाले आणि त्यांतल्या किती प्रकरणांत जप्ती झाली ते विचारा. सहकारी बँकांना सरफेसी कायदा (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकता येण्याचा कायदा) वापरता येतो का हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 5 मे 2020 रोजी मिटवला; ते प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचंच होतं. वापरता येतो. मग तुमच्या बँकेनं तो किती खात्यांत वापरला? वसुली वाढली की भगदाड लहान होतं आणि घेणारी बँक पुढे येते. त्या दुसऱ्या बँकेत एका निवृत्त तलाठ्यानं ठेवीदारांच्या वतीनं थकबाकीदारांच्या जमिनींचे उतारे स्वतः काढून वसुली अधिकाऱ्याला दिले. त्यांची स्वतःची ठेव फार नव्हती. त्या उताऱ्यांवरून तीन लिलाव झाले, आणि आमच्या मंडळानं प्रस्ताव पुन्हा विचारात घेतला.

संचालकांनी एक समजून असावं की विलीनीकरणानं जुनी जबाबदारी पुसली जात नाही. अपहार असेल तर फौजदारी चौकशी चालू राहते. जामीनदारही सुटत नाही. जुन्या बँकेचं येणं आता नव्या बँकेचं येणं असतं.

पाटी बदलते तो दिवस

शक्यतो शनिवार-रविवार जोडून घ्या. शनिवारी व्यवहार बंद झाल्यावर जुन्या संगणकप्रणालीतल्या शिलकी नव्या प्रणालीत जातात. प्रत्येक शाखेची एकूण जुळली म्हणून थांबू नका. प्रत्येक शाखेतली पन्नास खाती हातानं, जुन्या पासबुकावरून ताडून बघा: बचत, मुदत ठेव, आवर्ती, पिग्मी, कर्ज. मुदत ठेवीचा व्याजदर आणि मुदतीची तारीख यांत चूक सर्वांत जास्त होते. नामनिर्देशन नव्या प्रणालीत आलंय का, सह्यांचे नमुने स्पष्ट दिसतात का, लॉकरचे करार आणि दुसऱ्या किल्ल्यांची नोंद जुळते का, हे त्याच रात्री.

सोमवारी सकाळी रोकड भरपूर ठेवा, नेहमीच्या तिप्पट. आमच्या पहिल्या विलीनीकरणात दहा वाजता रांग लागली आणि अकराला पैसे देताना कॅशियर मोठ्यानं "अजून कुणाला हवेत?" म्हणाला. बाराला रांग संपली. जुन्या शाखाधिकाऱ्याला पहिले तीन महिने त्याच खुर्चीवर ठेवा. लोक पाटीकडे बघत नाहीत, ओळखीचा चेहरा आहे का ते बघतात.

खातेदारानं पहिल्या महिन्यात आयएफएससी कोड, नवं चेकबुक, पेन्शन आणि गॅस अनुदानाचं खातं, विम्याचे हप्ते, घरकर्जाचे आपोआप जाणारे हप्ते एकेक करून तपासावेत. पुढच्या तारखांचे चेक कुणाला दिले असतील तर त्यांना कळवावं. जुनं पासबुक आणि जुन्या पावत्या बँकेनं मागितल्या तरी आधी त्यांच्या छायाप्रती काढून, शाखेचा शिक्का आणि तारीख घेऊनच द्याव्यात, आणि त्या छायाप्रती शेवटची मुदत ठेव मोकळी होईपर्यंत घरात जपून ठेवाव्यात.